जुनी जिप्सी घ्यावयाची आहे : मालवणची रंगवलेली की चंद्रपूरची धूर सोडणारी?

प्रश्न – बामणोली_शेतकरी (सातारा)

नमस्कार. साताऱ्याहून बामणोलीच्या बाजूला आमची थोडी डोंगरउताराची शेती आहे. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून पुढचा चढ तांबड्या मातीचा आहे आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत साधी गाडी तिथे चढत नाही. खताची पोती, पंप आणि माणसे नेण्यासाठी हलकी, फोर बाय फोर असलेली आणि लो गिअर असलेली गाडी हवी आहे. नवी थार किंवा जिम्नी माझ्या आवाक्यात नाही, त्यामुळे मारुतीची जुनी जिप्सी घेऊन ती नीट करून वापरावी असे ठरवले आहे. खरेदी, कागदपत्रे आणि दुरुस्ती मिळून पाच लाखांच्या आत बसवावयाचे आहे.

दोन गाड्या पाहण्यात आहेत. पहिली मालवणची, एमएच ०७ नोंदणीची, २००३ ची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी प्रणाली असलेली) जिप्सी किंग. गाडीला नुकताच हिरवा रंग दिला आहे, सीट नव्या आहेत, खालून काळे अंडरकोटिंग केले आहे आणि इंजिनाचे काम गेल्या वर्षी झाले असे विक्रेते सांगतात. इंजिनाचा आवाज खरोखरच स्वच्छ आहे. आरसी मात्र त्यांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर असून २०१८ मध्ये केलेले पाच वर्षांचे नूतनीकरण २०२३ मध्ये संपले आहे. ते ३ लाख ४० हजार मागत आहेत.

दुसरी चंद्रपूरची, एमएच ३४ नोंदणीची, २०१२ ची. ती ताडोब्याच्या सफारीत चालत होती. रंग उडालेला आहे, हूड फाटले आहे, सकाळी सुरू करताना निळा धूर येतो, पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस आणि ऑइल ओघळलेले आहे, आणि ताशी ६० च्या आसपास स्टिअरिंग थरथरते. नोंदणी व्यावसायिक वाहनाची आहे. किंमत २ लाख ६० हजार सांगितली आहे.

घरच्यांचे मत मालवणच्या गाडीकडे झुकते, कारण ती उद्यापासून वापरता येईल असे दिसते. या गाड्या ज्यांनी प्रत्यक्ष हाताळल्या आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – पाटा_शॅकल (कुडाळ)

नमस्कार. कुडाळला माझे गॅरेज आहे आणि समुद्राकाठच्या गाड्या हेच माझे रोजचे काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपला प्रश्न वाचताना असे जाणवले की आपण दोन्ही गाड्यांची तुलना इंजिनावरून आणि रंगावरून करीत आहात. जिप्सीच्या बाबतीत नेमक्या याच दोन गोष्टी सर्वांत सहज बदलता येण्यासारख्या आहेत. १९८५ च्या डिसेंबरमध्ये ही गाडी ९७० सीसीच्या इंजिनासह बाजारात आली, १९९६ मध्ये तिला १२९८ सीसीचे इंजिन मिळाले आणि २००० मध्ये त्याचे एमपीएफआय झाले. हे १३०० चे इंजिन एस्टीममध्ये बसणाऱ्या इंजिनाच्याच कुळातले असल्यामुळे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग, गॅस्केट यांपैकी काहीही आजही तालुक्याच्या दुकानात मागवून मिळते, आणि ते उघडून बसवणारा मिस्त्रीही मिळतो. आमच्याकडच्या दरांनी पूर्ण इंजिन केले तरी खर्च पन्नास-साठ हजारांत आटोपतो. चासीचे, म्हणजे बॉडीखालच्या लोखंडी चौकटीचे, तसे नाही. कुजलेली चासी पूर्ववत करणे म्हणजे बॉडी उचलून बाजूला ठेवणे, सडलेला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापणे आणि माप न हलवता नवा भाग जोडणे. हे काम मनापासून करणारे वेल्डर फार थोडे आहेत, आणि दुसरी चासी घालावी म्हटले तर तिच्यावरचा नंबर आपल्या आरसीवरचा नसतो.

जिप्सीच्या चासीचे लांब रेल पेटीसारखे बंद आहेत आणि त्यांना जागोजागी भोके आहेत. पावसाळ्यात चाकाने उडवलेली तांबडी माती त्या भोकांतून आत जाऊन तळाशी बसते आणि ती जानेवारीपर्यंत पुरती वाळत नाही. त्यात खारी हवा मिसळली की रेल आतून कुजू लागतो. बाहेरून पाहिले तर रंग शाबूत असतो, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याच्या गाडीला बाहेरून दिलेल्या कोटिंगवर मी कधीही विसंबत नाही. ताजे अंडरकोटिंग दिसले की मी गाडी अधिक बारकाईने पाहतो, कारण कुजलेल्या लोखंडावर डांबरी थर मारला की दोन-तीन वर्षे काहीच दिसत नाही आणि आत ओल अडकून राहिल्यामुळे सडणे उलट वाढते.

तपासणी अशी करावी. गाडी पिटवर किंवा रॅम्पवर घ्या आणि लहान हातोडीने रेलवर वीतभर अंतराने ठोकत जा. निरोगी लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी तो बद्द होतो आणि कधी कधी आतला गंज झडल्याची सळसळ ऐकू येते. तीन जागी विशेष वेळ द्या. पहिली, मागच्या पाट्याचा (पानांच्या स्प्रिंगचा) शॅकल, म्हणजे त्याचे टोक धरणारी हलती कडी, जिथे चासीला बसतो ती. तिथे कोपऱ्यात माती कायम अडकलेली असते. दुसरी, मागच्या हौसिंगच्या (दोन चाकांमधल्या अॅक्सलच्या कवचाच्या) वर रेल जिथे कमानीसारखा वर उचलला जातो तिथला तळ. तिसरी, पुढच्या चाकामागचा भाग आणि तिथली बॉडी माउंटिंग. मोबाइलला जोडण्याचा छोटा एंडोस्कोप कॅमेरा मिळतो. तो भोकातून आत घातला तर पापुद्रे सुटलेले आहेत की नुसता पृष्ठभागावरचा तपकिरी गंज आहे हे डोळ्यांनी दिसते. पृष्ठभागावरच्या गंजाची भीती बाळगू नये. पापुद्रे सुटत असतील तर मात्र लोखंडाची जाडी गेलेली असते.

बॉडीसाठी खिशात एक लोहचुंबक ठेवा. ड्रायव्हरच्या पायाखालची पाटी, मागच्या चाकांच्या कमानी, विंडस्क्रीनच्या चौकटीचा पाया आणि बॅटरीखालची जागा येथे चुंबक धरला नाही तर तिथे पत्रा नसून लांबी (पुट्टी) भरलेली आहे असे समजावे. त्याच वेळी चासीच्या कडेने मागे जाणाऱ्या ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या लोखंडी नळ्यांवर बोट फिरवा. अंडरकोटिंग मारणारे लोक या नळ्यांवरही तोच थर चढवतात, आणि त्याखाली फुगलेली नळी एखाद्या दिवशी घाटात फुटते.

चासीवर ठोकलेला नंबर स्पष्ट वाचता येतो का, हे सौद्याचे बोलणे सुरू होण्यापूर्वीच पाहून घ्या. तो कोटिंगखाली दडलेला असेल तर विक्रेत्यांच्या परवानगीने ती जागा रॉकेलच्या फडक्याने पुसून वाचावी आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा.

चंद्रपूरच्या गाडीची जी दुखणी आपण लिहिली आहेत, त्यांपैकी एकही मला भीती वाटावी असे नाही. पुढच्या चाकामागचे ते ओघळ म्हणजे बहुधा हौसिंगच्या टोकाचे ऑइल सील गेले आहे. गिअर ऑइल नकलच्या, म्हणजे पुढचे चाक वळवणाऱ्या सांध्याच्या, गोळ्यात शिरते, तिथल्या ग्रीसमध्ये मिसळून ते पातळ करते आणि तो तपकिरी काला बाहेर गळतो. सील, ग्रीस आणि गरज असल्यास किंगपिनची (तो सांधा ज्या खुंट्यांवर वळतो त्यांची) बेअरिंगे बदलली की ते काम संपते. मी असतो तर हातोडी घेऊन चंद्रपूरला गेलो असतो.

उत्तर २ – नोंदणी_नियम (पुणे)

मी परिवहन कार्यालयातील कामे करून देते, त्यामुळे गाडीच्या यंत्राविषयी न लिहिता फक्त कागदांविषयी लिहिते. दोन्ही गाड्यांच्या कागदांत अडचणी आहेत, पण त्या सारख्या वजनाच्या नाहीत.

मालवणच्या गाडीचे मालक हयात नाहीत, त्यामुळे आज जे ती विकत आहेत त्यांच्या सहीला कायद्याने अजून अर्थ नाही. आधी मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून नमुना ३१ वर गाडी वारसाच्या नावावर व्हावयास हवी. त्यानंतरच नमुना २९ आणि ३० वर ती आपल्या नावावर होऊ शकते. मधला टप्पा वगळून कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. एखाद्या बहिणीने किंवा भावाने पुढे हरकत घेतली तर पैसे गेलेले असतात आणि गाडी कोणाच्याच नावावर नसते.

दुसरी गोष्ट नूतनीकरणाची. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर ती पाच पाच वर्षांनी नमुना २५ वर वाढवून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ मधील अधिसूचनेपासून २० वर्षांपेक्षा जुन्या चारचाकी गाडीच्या नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे. त्यावर उशिराबद्दल दरमहा ५०० रुपये लागतात आणि २०२३ पासूनचे महिने मोजले तर ती रक्कम लहान राहत नाही. शिवाय पर्यावरण कर, चालू विमा, पीयूसी आणि निरीक्षकांसमोर प्रत्यक्ष तपासणी या गोष्टी आहेतच. तपासणीत चासी नंबर वाचता आला नाही तर प्रकरण तिथेच थांबते, म्हणून वरील उत्तरातील नंबरविषयीची सूचना मी पुन्हा अधोरेखित करते. ही गाडी घ्यावयाचीच असेल तर नूतनीकरण आणि वारसनोंद ही दोन्ही कामे विक्रेत्यांनी स्वतः पूर्ण करावीत आणि त्यानंतरच पूर्ण रक्कम द्यावी. तोपर्यंत लेखी पावतीवर थोडी इसार रक्कम पुरेशी आहे.

चंद्रपूरच्या गाडीत वारसाचा प्रश्न नाही. तिथे व्यावसायिक नोंदणी खाजगी करून घ्यावी लागेल. त्यासाठी परवाना परत करणे, थकीत कर आणि ई-चलाने भरणे, कर्जाचा बोजा असल्यास नमुना ३५ वर तो उतरवणे आणि खाजगी वाहनाचा कर भरणे असा क्रम असतो. हेही काम विक्रेत्यांच्या नावावर असतानाच चंद्रपूरच्या कार्यालयात करून घेतलेले बरे, कारण परवान्याची मूळ नोंद तिथे आहे. गाडी राज्यातल्या राज्यात येत असल्यामुळे केवळ जिल्हा बदलला म्हणून नवा क्रमांक घ्यावा लागणार नाही. २०१२ ची नोंदणी असल्याने १५ वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतील, हे किमतीच्या बोलणीत जरूर मांडावे.

जाता जाता बदलांविषयी एक सूचना. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. एस्टीमचे अख्खे इंजिन आणून बसवणे मिस्त्रीला सोपे वाटते, परंतु इंजिन नंबर आरसीवर असतो. कार्यालयाची परवानगी घेऊन नोंद बदलल्याशिवाय ते करू नये, कारण अपघात झाल्यास विमा कंपनी सर्वांत आधी हेच नंबर तपासते. जुन्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बंधनकारक आहे; ती दोन्हींपैकी कोणत्या गाडीला बसली आहे हेही पाहून घ्यावे.

उत्तर ३ – मोहर्ली_मार्ग (चंद्रपूर)

सर्वांना नमस्कार. मी सफारीच्या जिप्सींची देखभाल करतो. वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बव्हंशी सहमत आहे, पण कुडाळच्या बंधूंनी आमच्याकडच्या गाडीला जरा सहज उत्तीर्ण केले असे मला वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्याकडे खारी हवा नाही आणि १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत गाभा क्षेत्र बंद असते, त्यामुळे ऐन पावसाच्या चिखलात या गाड्या फारशा चालत नाहीत. चासीचा गंज आमच्याकडे खरोखरच कमी असतो. पण सफारीची गाडी किलोमीटरवरून ओळखू नये. एका फेरीत अंतर थोडे आणि वेळ फार. सहा पर्यटक, मार्गदर्शक आणि चालक एवढे वजन घेऊन ती तासन् तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सतत थांबत आणि पुन्हा निघत चालते. म्हणून मीटरवर आकडा लहान दिसला तरी क्लच, दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर अलगद बसवणारा भाग), मागचे पाटे आणि शॉकअब्सॉर्बर यांचे वय मीटरपेक्षा पुष्कळ जास्त असते. पाटे सपाट झाले आहेत का हे गाडी रिकामी उभी असताना बाजूने पाहिले की कळते. शॅकल मागे पूर्ण कलंडलेला असेल तर पाट्यांतला ताण गेला आहे.

उन्हाळ्यातली बारीक धूळ हा दुसरा मुद्दा. एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण उघडून फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला बोट फिरवावे. तिथे धुळीची पूड लागली तर ती सिलिंडरमध्ये गेलेली आहे आणि रिंगा झिजलेल्या असणार. आपण लिहिलेला निळा धूर फक्त सकाळी सुरू करताना येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हची सील कडक झाली आहेत, आणि ते काम लहान आहे. चढावर जोर देतानाही धूर येत राहिला तर रिंगांचे काम समजावे. अंदाज करीत बसण्यापेक्षा कंप्रेशन तपासावे. आधी कोरडे मोजावे, मग ज्या सिलिंडरात दाब कमी आहे त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर गळती रिंगांतून आहे, न वाढला तर व्हॉल्व्हमधून.

तिसरा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. उघड्या सफारीसाठी अनेक गाड्यांची मागची बाजू कापून उंच सीटा आणि पाइपांचा सांगाडा बसवलेला असतो. काही ठिकाणी तो बॉडीला बोल्टने बसवलेला असतो, काही ठिकाणी थेट चासीला वेल्ड केलेला असतो. चासीवर वेल्ड असेल तर त्या सांध्याच्या कडेने केसासारखी चीर गेली आहे का हे तारेच्या ब्रशने घासून, चांगल्या उजेडात पाहावे. अशी चीर वेळेत सापडली तर टोकाला छिद्र पाडून ती थांबवता येते आणि नीट वेल्ड करता येते, पण ती किमतीत धरली गेली पाहिजे.

आणि गाडी चालवून पाहताना फोर बाय फोर नुसते लागते का एवढेच पाहू नये. जिप्सीला मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) नसल्यामुळे डांबरावर फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाके जोडून साध्या गिअरमध्ये, वळणे घेऊ नयेत. मातीच्या सरळ रस्त्यावर ती पुढे-मागे चालवून पाहावी, आणि मग फोर-लोमध्ये (चारही चाके आणि लो गिअर) टाकून चढावर रिव्हर्स घ्यावी. ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीची) रबरी माउंटिंगे गेलेली असतील तर त्या क्षणी खाली धडका जाणवतात, आणि दांडी आपोआप सुटत असेल तर तेही तिथेच कळते.

उत्तर ४ – सह्याद्री_डिझेल (नाशिक)

महिंद्राची एमएम ५४० पाहावी असे सुचवतो. प्यूजोच्या बनावटीवरून घेतलेले तिचे डिझेल इंजिन पोती ओढण्यात जिप्सीपेक्षा सरस आहे आणि आमच्या बाजूला तिचे सुटे भाग आजही मुबलक मिळतात. तिचे वजन मात्र जास्त आहे. तांबड्या चिखलाच्या चढावर हलकी गाडी वर राहते आणि जड गाडी रुतते, त्यामुळे तुमचा चढ नेमका कसा आहे यावर हे ठरेल.

बामणोली_शेतकरी (सातारा)

आपण सर्वांनी दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार. दोन्ही गाड्या आपल्या सूचनांप्रमाणे पाहून आलो.

मालवणची गाडी रॅम्पवर घेतली. उजव्या रेलवर हातोडीचा आवाज पुढे चांगला होता, पण मागच्या हौसिंगच्या वरच्या वळणावर तो बद्द झाला आणि जरा जोर देताच कोटिंगचा तुकडा निघून आत स्क्रू-ड्रायव्हरचे टोक गेले. ड्रायव्हरच्या पायाखाली चुंबक धरला नाही. विक्रेते सज्जन आहेत आणि त्यांनाही हे ठाऊक नव्हते असे मला वाटले. रंगकाम ज्यांनी केले त्यांनी त्यांना काही सांगितले नसावे. त्या गाडीचा विचार सोडला आहे.

चंद्रपूरच्या गाडीचा सांगाडा बोल्टने बसवलेला आहे. चासीवर मागच्या बाजूला पृष्ठभागावरचा गंज आहे, पापुद्रे नाहीत, आणि नंबर स्पष्ट वाचता येतो. कंप्रेशन पहिल्या तीन सिलिंडरांत १७० पीएसआयच्या आसपास आणि जवळजवळ सारखे, चौथ्यात १२५ मिळाले. ऑइल घातल्यावर चौथ्यात ते १५५ झाले. मागचे पाटे सपाट आहेत. दुसरा गिअर खाली टाकताना करकरतो. फोर-लो नीट लागतो आणि सुटत नाही. २ लाख १५ हजारांत सौदा ठरत आहे आणि खाजगी नोंदणीचे काम विक्रेते करून देण्यास तयार आहेत.

आता प्रश्न कामाच्या क्रमाचा आहे. गाडी मार्चअखेर ताब्यात येईल आणि जूनमध्ये मला ती शेतावर हवी आहे. साताऱ्यातील मिस्त्री आधी इंजिन उतरवून घ्या म्हणतात, आणि मुलाचा आग्रह आधी रंगाचा आहे.

पाटा_शॅकल (कुडाळ)

सौदा योग्य आहे. आपण हातोडी घेऊन स्वतः गेलात याचा आनंद वाटला.

इंजिन या पावसाळ्यापुरते तसेच राहू द्यावे. तीन सिलिंडर सारखे आहेत आणि चौथा खाली असला तरी ते काम दिवाळीनंतर निवांत करता येईल. तोपर्यंत ऑइलची पातळी दर आठवड्याला पाहावी. टायमिंग बेल्ट मात्र आत्ताच, टेन्शनरसह बदलावा, कारण तो केव्हा बदलला होता हे कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. रेडिएटर आणि होसपाइपही तेव्हाच पाहून घ्यावेत. इंजिनाचा डोक्याचा भाग (हेड) अल्युमिनियमचा असल्याने इंजिन एकदा जरी तापले तरी हेड वाकते आणि मग दिवाळीची वाट पाहता येत नाही.

एप्रिल-मे मध्ये पैसे थांबण्यावर आणि वळण्यावर खर्च करावेत. ब्रेकच्या लोखंडी नळ्या जुन्या झाल्या असतील तर सगळ्या नव्या घालाव्यात, रबरी होस बदलावेत, मागचे व्हील सिलिंडर उघडून पाहावेत. मागच्या पाट्यांना नुसते एक जास्तीचे पान घालून ते कडक करू नयेत. पाटे कमान देणाऱ्याकडून मूळ उंचीला आणून घ्यावेत आणि शॅकलचे बुश नवे घालावेत. टायर मूळ २०५/७० आर १५ मापाचेच, चिखलाच्या नक्षीचे घ्यावेत. मोठे टायर घातले की तेच इंजिन आणि तीच बेअरिंगे जास्त भार सोसतात, आणि वर ताईंनी सांगितलेला कायद्याचा मुद्दा आहेच.

स्टिअरिंगच्या थरथरीसाठी कोणी पहिल्याच दिवशी नवा स्टिअरिंग डँपर (थरथर शोषणारा शॉकअब्सॉर्बर) सुचवला तर थांबावे. डँपर थरथर झाकतो, तिचे कारण काढत नाही. आधी चाकांचे बॅलन्सिंग करावे, मग टायरॉड एंड, आणि मग जॅकवर चाक उचलून ते वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला आणि दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरल्यावरही तो राहिला, तर व्हील बेअरिंग संशयातून सुटते आणि किंगपिनवर संशय पक्का होतो. आपल्या गाडीत डाव्या बाजूचे सील गेले असल्यामुळे तिथली बेअरिंगे पातळ झालेल्या ग्रीसमध्ये चालली आहेत. ती दोन्ही बाजूंनी एकदमच बदलावीत.

रंग सर्वांत शेवटी, आणि तोही नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत. मुलाला सांगावे की जुलैच्या दमट हवेत मारलेल्या रंगाखाली ओल राहते आणि पुढच्या पावसाळ्याआधी फुगे येतात. या उन्हाळ्यात फक्त चासी आतून-बाहेरून पाण्याच्या जोराने धुऊन, मे महिन्याच्या उन्हात पुरती वाळवून, गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे रसायन आणि वर एपॉक्सी प्रायमर लावावा. रेलच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स सोडावे आणि तळाची पाणी निघण्याची भोके त्या मेणाने बुजणार नाहीत याकडे स्वतः लक्ष द्यावे.

किंगपिन उघडताना मिस्त्रीला एक गोष्ट आवर्जून सांगा. वरच्या आणि खालच्या टोप्यांखाली पातळ शिम (अंतर जुळवणाऱ्या चकत्या) असतात. त्या काढल्या त्याच बाजूच्या, त्याच जागेच्या नावाने वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात, आणि नवी बेअरिंगे बसल्यावर सील घालण्याआधी स्प्रिंग काट्याने नकल ओढून तो किती जोराने फिरतो हे मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवून घ्यावे. नुसत्या हाताच्या अंदाजाने घट्ट केले तर स्टिअरिंग वळणानंतर सरळ परत येत नाही, आणि सैल राहिले तर पहिल्याच महिन्यात थरथर पुन्हा सुरू होते. काटा आपल्याकडे नसेल तर मासळी तोलण्याचा साधा स्प्रिंगचा काटाही या कामाला चालतो. फक्त तो किलोच्या लहान भागांत वाचता येणारा असावा.